माहेराले गेली

सिनेमात कोणी मेलं की रहीमभाऊ त्याला गावाला पाठवत. पडद्यावर नायकाची आई शेवटचा श्वास घेई, नायक तिच्या पायांवर कोसळे, आणि पडद्याशेजारी उभे असलेले रहीमभाऊ पत्र्याचा भोंगा तोंडाशी धरून आधी गोंडीत, मग आपल्या मराठीत सांगत, "माय माहेराले गेली. पोराले करमत नाई म्हणून रडून राह्यला. येईन ते."

माझ्या मामांची टुरिंग टॉकीज होती. आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंत, पावसाळा सोडून, आम्ही तंबू, मशीन आणि इंजिन बैलगाड्यांवर लादून हिंडायचो. मॅट्रिक होऊन मी तिथे मॅनेजर झालो होतो आणि त्याचा मला फार तोरा होता. सिनेमा हिंदी, समोर बसलेल्यांत हिंदी कळणारे थोडे. म्हणून गोष्ट सांगणारा माणूस लागे. रहीमभाऊ मूळचे कल्हईवाले. खांद्यावर भाता टाकून गावोगाव फिरता फिरता गोंडी आणि तेलुगू त्यांच्या जिभेवर बसली होती. भोंगाही त्यांनीच पत्रा वळवून केला होता. त्यांचं नाव कुठल्या जाहिरातीवर कधी आलं नाही, पण "सांगणारे भाऊ आले का?" हे विचारल्याशिवाय कोणी तिकीट घेत नसे.

असं खोटं का सांगता, म्हणून मी त्यांना एकदा विचारलं. तेव्हा ते म्हणाले, "बाबू, घरून काळं आलेलं भांडं काळंच परत द्याचं, तं मग आपण कायले?"

सुरुवातीला ते खरं सांगत. नदीकाठच्या एका गावात त्यांनी आई मेल्याचं सांगितलं आणि सिनेमा अर्धा राहिला असताना सगळ्या बाया उठल्या. रहीमभाऊ मागे धावले. "अवं, कुठी चालल्या?" लच्चीबाई नावाची एक बाई पुढे होती. ती म्हणाली, "आंघोळीले. मयत झाली ना?" "अवं, ते सिनेमातली हाय!" "असन. सांजेपासून तिच्यासंगं बसलो, तिचं सुखदुःख पाह्यलं. आता परकी राह्यली का ते?" त्या खरोखरच नदीवर गेल्या आणि ओल्या लुगड्यांनी आपापल्या घरी परतल्या. त्या दिवसापासून रहीमभाऊंच्या पडद्यावर कोणी मेलं नाही.

त्यांची बायकोही माहेरीच होती. सिरोंच्याची होती ती. बाजार लागला की रहीमभाऊ तिच्यासाठी काचेच्या बांगड्या निवडत बसत. बांगडीवाली विचारी, "माप कोनतं, भाऊ?" ते आपलीच बोटं जुळवून दाखवत. आमचा इंजिनवाला चिडवायचा, "भाऊ, भाभी रुसून गेली वाटते! आणाले काऊन जात नाई?" रहीमभाऊ हसून म्हणत, "येईन ना. मोठ्या घरची हाय, सावकाश येईन." मीही हसायचो.

आलापल्लीला जंगल खात्याचे एक नवे साहेब बायकोला घेऊन खेळाला आले. मी त्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या आणि मागेच उभा राहिलो. पडद्यावर नायिका मेली. रहीमभाऊंनी तिला माहेरी धाडलं. साहेब मोठ्यानं हसले. "अहो मॅनेजर, चिता पेटली तरी ही बाई माहेरीच का? काय गाढव माणूस ठेवलाय!" त्यांची बायकोही हसली. माझे कान तापले. मी ताडताड पुढे गेलो, रहीमभाऊंच्या हातातून भोंगा हिसकावला आणि ओरडलो, "मेली आहे ती! हा माणूस खोटं सांगतो. नेहमीच खोटं सांगतो!"

एवढी मराठी तिथे सगळ्यांना कळत होती. कोणी पडद्याकडे पाहिलं नाही. सगळे रहीमभाऊंकडे पाहू लागले. चितेचा उजेड त्यांच्या तोंडावर हलत होता. ते हळूच म्हणाले, "हो. मेली." मग तेच गोंडीत म्हणाले. मी भोंगा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. उरलेला सिनेमा कोणी सांगितलाच नाही.

मी माफी मागितली नाही. उद्या विसरतील, असं मनाशी म्हटलं. पण पुढच्या मुक्कामांवर ते भोंगा तोंडाशी नेत आणि शब्द फुटत नसे. लोक वाट पाहत, मग आपसांत बोलू लागत. सिरोंच्याला पोचल्यावर त्यांनी आपला जुना भाता गाडीवरून उतरवला. "जातो, बाबू. भांड्यायले बोला लागत नाई," एवढंच म्हणाले.

त्यांना न्यायला त्यांचा मेहुणा आला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्याला म्हटलं, "आता तरी भाभींना यांच्याबरोबर पाठवा." तो माझ्याकडे बघतच राहिला. "कोणाले पाठवू? अक्का तर मरून गेली, लय साल झाले. भाऊ कल्हईच्या फेरीवर होते. आले तवा माती पण देऊन झाली होती." रहीमभाऊ तोवर नदीच्या वाटेला लागले होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही.

पुढे टॉकीज मोडली, मी चांद्याला दुकान टाकलं. रहीमभाऊ तापानं गेल्याचं सिरोंच्याहून आलेल्या एका व्यापाऱ्यानं मला दुकानात उभ्याउभ्या सांगितलं. तो साखरेचा भाव विचारत होता. मी काय भाव सांगितला ते आठवत नाही.

त्यानंतर काही वर्षांनी एका लग्नाच्या निमित्तानं मी त्या नदीकाठच्या गावी गेलो. लच्चीबाई फार म्हातारी झाली होती. दारात बसून मोहफुलं निवडत होती. तिनं मला आवाजावरून ओळखलं आणि विचारलं, "सांगणारे भाऊ कुठी हायेत रे?"

जन्मभर मला खऱ्याचा गर्व होता. पण त्या म्हातारीसमोर माझ्या तोंडून निघालं, "सिरोंच्याले गेले, बाई. सासुरवाडीले. येतीन."

ती फुलं निवडत राहिली.

"मेला तो, बाबू. मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "आमाले तवा बी ठाऊक राहे. चिता का दिसत नोती आमाले? पर तो सांगे तवा बरं वाटे."

मग तिनं सूप बाजूला सरकवलं आणि मला बसायला जागा करून दिली.

"बस. कवा येतीन म्हणतोस?"