साडूभाऊंच्या वेबसाइटचे गुण

आखणीकर हे त्यांचं आडनाव नव्हे. वकिलांच्या कार्यालयात हेडक्लार्क म्हणून ते तेहतीस वर्षं बसले, आणि या तेहतीस वर्षांत पट्टी आणि पेन्सिल घेऊन समास आखल्याशिवाय त्यांनी एकही कोरा कागद वापरला नाही. म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. अशील दारात उभं राहून "आखणीकर आहेत का?" असं विचारायचे, आणि ते मान वर न करता "बसा" म्हणायचे.

निवृत्तीला आठ महिने उरले असताना वकील संघाने एक नवीन टूम काढली. सगळ्या सभासद कार्यालयांच्या वेबसाइट तपासायच्या, त्यांना गुण द्यायचे आणि पहिल्या येणाऱ्या कार्यालयाचा वार्षिक सभेत सत्कार करायचा. वकिलांचा नव्हे, तर ज्यांनी ती वेबसाइट सांभाळली त्या कर्मचाऱ्यांचा, स्टेजवर बोलावून. परीक्षक तीन होते. एक संगणकाचे मास्तर, एक बाहेरगावच्या वकीलबाई, आणि अशिलाला काय हवं असतं हे ज्याला कळतं असा एक जुना कारकून. संघाच्या चिटणीसबाईंनी तिसऱ्या जागेसाठी आखणीकरांचं नाव सुचवलं.

चोवीस वेबसाइट होत्या. शंभर गुण आणि पाच रकाने, प्रत्येकाला वीस: हवी ती माहिती किती वेळात सापडते, भाषा समजते का, छायाचित्रं खरी आहेत का, फोन उचलला जातो का, आणि एकूण छाप. एका नियमाखाली सही करायची होती. आपल्या कार्यालयाच्या वेबसाइटला, किंवा जिच्या मजकुरात आपला हात आहे अशा वेबसाइटला, परीक्षकाने गुण देऊ नयेत. आखणीकरांनी तो नियम दोनदा वाचला. त्यात साडू हा शब्द कुठेच नव्हता. त्यांनी सही केली.

साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, यादीत सतराव्या क्रमांकाच्या कार्यालयात होते. दोघांनी एकाच वर्षी वाणिज्य शाखेची परीक्षा दिली, एकाच धंद्यात कारकुनी धरली, आणि पुढे एकाच घरचे जावई झाले. देवाने तुलनेची सगळी सोय करून ठेवली होती. साडूंच्या टेबलाला काच आली तेव्हा आखणीकरांच्या टेबलाचा एक पाय डुगडुगत होता. साडूंना खोली मिळाली, यांना खिडकीकडे तोंड मिळालं. आणि घरी बायकोच्या तोंडी रोज भावोजी. भावोजींनी बहिणीला नवीन चष्मा केला, भावोजी स्वतः भाजी निवडतात, भावोजींचा आवाज कसा कधी चढत नाही.

"त्यांचा चढत नाही, कारण समोर तुझी बहीण असते," आखणीकर एकदा म्हणाले होते. त्यानंतर दोन दिवस घरात कुणाचाच आवाज नव्हता.

सोळा वेबसाइट त्यांनी चोख तपासल्या. त्यांची पद्धत साधी होती. मनगटावरचं घड्याळ टेबलावर ठेवायचं, आपण पहिल्यांदाच वकिलाकडे निघालेले, घाबरलेले गृहस्थ आहोत असं समजायचं, आणि तीन उत्तरं शोधायची: कुठे यायचं, सोबत काय आणायचं, आणि भेटणार कोण. मिनिटाच्या आत सापडलं तर वीस गुण, तीन मिनिटांच्या आत बारा, त्यापुढे पाच. फोन सगळ्यांना सकाळी अकरा वाजता. बहुतेक वेबसाइटवर तराजू, हातोडा आणि जाड पुस्तकांचं कपाट. ते कपाट तीन वेगवेगळ्या कार्यालयांत एकच निघालं, तेव्हा त्यांनी तिघांचेही गुण कापले. तेच कपाट त्यांच्या स्वतःच्या कार्यालयाच्या वेबसाइटवरही होतं. पण तिला गुण द्यायचे नव्हते म्हणून ते सुटलं.

सतराव्या वेबसाइटला मात्र त्यांनी शुक्रवारी दुपारी एक वीसला फोन केला. ती जेवणाची वेळ होती. दुसऱ्याच घंटेला एका मुलीने उचलला आणि गोड आवाजात विचारलं, "काय मदत करू?" आखणीकरांनी चुकीचा नंबर लागल्याचं सांगून फोन ठेवला. रकान्यात वीस लिहावे लागले, तेव्हा पेन्सिलीचं टोक मोडलं.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर मुलाचा जुना लॅपटॉप उघडून त्यांनी उरलेलं हातात घेतलं. सतरावी वेबसाइट उघडली. तराजू नाही, हातोडा नाही. दाराचा फोटो, जिन्याचा फोटो, खाली एक ओळ: 'जिना चढवत नसेल तर खालून फोन करा, आम्ही खाली येतो.' मग माणसं. वरच्या ओळीत चार वकील, आणि खालच्या ओळीत पहिलेच साडू. पांढरा शर्ट, बेताचं हसू. नावाखाली लिहिलं होतं: कार्यालय व्यवस्थापक, एकतीस वर्षं.

आखणीकर त्या आकड्याकडे बघत राहिले. यांची तेहतीस. त्यांच्या कार्यालयाच्या वेबसाइटवर तीन वकिलांचे फोटो होते, उसनं कपाट होतं, पण हेडक्लार्क नावाचा प्राणी तिथे असतो याची कुठे खूणही नव्हती.

तीन उत्तरं एकेचाळीस सेकंदांत सापडली.

त्यांनी घड्याळ उचललं, पुसलं आणि परत ठेवलं. पहिली वेळ सवयीमुळे कमी आली असेल, अशील इतका चपळ नसतो, असं स्वतःला समजावून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या खेपेस प्रत्येक शब्दाखाली बोट धरून वाचलं. मध्येच उठून पाणी प्यायले. घाबरलेल्या माणसाच्या घशाला कोरड पडतेच. तीन मिनिटं दहा सेकंद. रकान्यात पाच. भाषेला दहा, फोटोंना दहा, छापेला नऊ. बेरीज चोपन्न. शेऱ्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'छायाचित्रांवर अनावश्यक भर.' तेहतीस वर्षांत त्यांनी एकही नोंद खोटी केली नव्हती. हीसुद्धा तशी खोटी नव्हती, घड्याळाने जे दाखवलं तेच लिहिलं होतं. स्टेजवर साडू नसतील, एवढंच त्यातून निघत होतं.

बायको खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "अगं बाई, हे भावोजी ना? काय छान आलाय फोटो."

"शंभर काढले की एखादा चांगला येतोच."

"तुमचे तर लग्नात दोनशे काढले होते."

आखणीकरांनी पान पुढे सरकवलं. 'पहिल्यांदा येताना' असं वर शीर्षक होतं. बायको चष्मा लावून मोठ्याने वाचू लागली. "मूळ कागद आणा, सोबत एक झेरॉक्स आणा. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही. कोणी मागितला तर देऊ नका. ऐकायला कमी येत असेल तर आल्याबरोबर सांगा, लाजू नका. काय घडलं ते तारखेनुसार एका कागदावर लिहा. राग दुसऱ्या कागदावर लिहा, आणि तो कागद घरी ठेवून या." ती थांबली. "अहो, हे तर तुमचं आहे."

"माझं कुठलं?"

"वरच्या मजल्यावरच्या बाईंशी माझं वाजलं, तेव्हा हेच ऐकवलंत मला. राग दुसऱ्या कागदावर. मी म्हटलं, कागद पुरायचा नाही." तिने पुढची ओळ वाचली. "ज्याला सगळं माहीत आहे त्याला सोबत आणा. आपल्याला सगळं माहीत आहे असं ज्याला वाटतं, त्याला आणू नका. शब्दसुद्धा तेच की हो."

आखणीकर घाईत एकेचाळीस सेकंदांत वाचून गेले होते, आणि बोट धरून वाचलं तेव्हा नजर घड्याळावर होती. आता त्यांनी नीट वाचलं. खरंच, शब्द न शब्द त्यांचा होता. आठवलं तेही. सासूबाई इस्पितळात होत्या तेव्हा दोघे साडू बाहेरच्या बाकावर रात्रीपर्यंत बसले होते. बोलायला काही नव्हतं म्हणून आखणीकर अशिलांबद्दल बोलत होते. साडू एका पाकिटावर काहीतरी खरडत होते. यांना वाटलं, डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या.

आणि हेच सगळं त्याआधी त्यांनी टाइप करून आपल्या थोरल्या वकिलांपुढे ठेवलं होतं, आपली वेबसाइट बनत होती तेव्हा. थोरल्यांनी कागद दोन बोटांनी परत सरकवला. "आखणीकर, आपण वकील आहोत. सहल कंपनी नाही."

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. गप्प बसलं तर चोपन्न गुण राहतात आणि साडू स्टेजवर जात नाहीत. पण मग ते पान जन्मभर साडूंच्या फोटोखाली त्यांचंच म्हणून राहणार. पान माझं आहे असं सांगितलं, तर मजकुरात परीक्षकाचा हात आला. मग गुण रद्द, आणि उरलेल्या दोघांनी त्या वेबसाइटला काय दिलं असेल ते सांगायला ज्योतिषी नको होता. दोन्ही घास एका तोंडात मावत नव्हते. त्यांनी गुणपत्रक पुन्हा पुन्हा काढून पाहिलं. दर वेळी नजर एकाच जागी अडायची. आपल्याच वाक्यांना आपण वीसपैकी पाच दिले होते. साडूंना द्यायला त्यांची काही हरकत नव्हती, पण हे पाच साडूंना जातच नव्हते.

बुधवारी ते चिटणीसबाईंसमोर जाऊन उभे राहिले. "सतराव्या क्रमांकाचे माझे गुण काढून टाका. त्यातलं मुख्य पान मी केलेलं आहे. आणि तिथले व्यवस्थापक माझे साडू आहेत, हेही लिहून घ्या."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "साडूचं नंतर बघू. पान तुमचं, याला आधार काय?"

"मी सांगतोय."

"आखणीकर, हा वकिलांचा संघ आहे. तोंडी चालत नाही हे मी तुम्हाला सांगायचं? त्यांच्याकडून लेखी आणा."

जिन्यात उभं राहून त्यांनी फोन लावला. हा फोन करण्यापेक्षा दात काढून घेणं त्यांनी पसंत केलं असतं.

"बोला साडूभाऊ."

"तुमच्या वेबसाइटवर एक पान आहे."

"तुमचं ना? पाहिलंत एकदाचं. दोन वर्षं वाट बघतोय, कधी काही बोलताय म्हणून."

"मला विचारलं नव्हतंत."

"विचारलं होतं. तुमच्या घरी, जेवताना. तुम्ही म्हणालात, वेबसाइट म्हणजे रिकामटेकड्यांचं काम, काय टाकायचं ते टाका."

"म्हणालो असेन."

"आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. अशील पान छापून आणतात, मी सांगतो, हे आमच्या साडूंचं. तुमच्या घरी विचारा, तिला तिच्या बहिणीनेही सांगितलं असेल. काय हवंय, लेखी? दोन ओळी की चार?"

"दोन पुरेत."

"चार देतो. बरं, गुण किती दिलेत आम्हाला?"

"ते गोपनीय आहे."

"म्हणजे कापलेत," असं म्हणून साडू हसले. त्या हसण्यात रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच आखणीकरांना सगळ्यात जास्त लागलं. भांडायलाही माणसाने कुठेतरी जागा ठेवावी.

पत्र दुसऱ्याच दिवशी चिटणीसबाईंच्या टेबलावर आलं. बाईंनी ते वाचलं, लाल पेनने चोपन्नवर रेघ मारली आणि उरलेल्या दोघांच्या गुणांची सरासरी काढायला यंत्र शोधू लागल्या. आखणीकरांनी ती समोरचा तक्ता पाहून उभ्या उभ्या मनातच काढली होती. सतरावा क्रमांक पहिला आला होता.

"हे वाचा," बाईंनी पत्र पुढे केलं. शेवटची ओळ होती: 'मजकूर त्यांचा असल्याने, सत्कार झाल्यास तो स्वीकारताना ते आमच्यासोबत स्टेजवर असावेत, ही विनंती.'

"मग, जाणार ना?"

"बघू," आखणीकर म्हणाले, आणि खुर्चीवर बसून त्यांनी पत्र पुन्हा वरपासून वाचायला घेतलं. कुठे काही चुकलंय का ते ते पाहत होते. तारीख होती, विषय होता, संदर्भ क्रमांक होता, समासही सोडलेला होता. पत्र हाताने लिहिलेलं होतं. अक्षरही चांगलं होतं.