कोण राहिलं, असं विचारणारी बाई

"कोन राह्यलं?"

ग्रामसभेत सगळ्यांचे हात वर झाले की बाई हे विचारायची. पदर कमरेला खोचून, चवड्यांवर उभी राहून मागपर्यंत बघायची. आमच्या गावात मतं मोजत नाहीत. एक माणूस जरी नाही म्हणाला तरी ठराव होत नाही. ही रीत जुनीच. पण जो आला नाही त्यालाही विचारायचं, हे बाईनं लावलं.

ती आमची शेजारीण आणि ग्रामसभेची अध्यक्ष. माहेर धानोऱ्याकडचं. बिडीचं तेंदूपान जिथं गोळा होतं, त्या फडीवर आम्ही सोबत काम केलं. तोंडानं फटकळ. मी बिडी पेटवली की म्हणायची, "भाऊ, पान तुम्हीच फुकून राह्यले, त विकाचं काय?"

सरकारी योजना गावात येताना तुम्हीही पाहिली असेल. ती वरून ठरूनच येते. एकदा तालुक्याचे साहेब आले. गावाला सभागृह मंजूर झालं म्हणाले, निम्मा खर्च गावानं तेंदूपान विकून आलेल्या पैशातून द्यायचा. सिमेंटचं, पंख्यांचं सभागृह कोणाला नको? सगळे हात वर. माझाही.

"कोन राह्यलं?"

राहिली होती माझी बायको. अंथरुणाला खिळलेली.

"चाला, भाऊच्या आंगनात," बाई म्हणाली.

साहेब चिडले. "एका आजारी बाईसाठी सगळी सभा हलवता?"

"साहेब, तुमच्या इथी वरचा एक मानूस नाई म्हनते, त सारा तालुका थांबते. आमच्या इथी खालच्यासाठी थांबते. बसा थोडं."

अंगणात गाव मावेना. बाई बाजेपाशी उकिडवी बसली, माझ्या बायकोचा हात हातात घेतला. "सांग व माय."

बायकोला दम लागत होता. "बोडी फुटली हाय. धान वाळलं, त सभागृहात बसून का खासान?"

बोडी म्हणजे आमचं लहान तळं. खालची सगळी शेती तिच्याच पाण्यावर, माझीही. एकेक जण होकाराची मान हलवू लागला.

साहेब सभागृह घेऊन परत गेले. गावानं आपल्या पैशातून बोडीची पाळ बांधली. पाणी भरलं तेव्हा बायको नव्हती.

बाई घरी आली. "चाला भाऊ, तिचं पानी पाहून येऊ."

मी नाही गेलो. मग तीही गेली नाही. संध्याकाळपर्यंत माझ्या ओट्यावर बसली, एक शब्द न बोलता. एवढी बोलणारी बाई.

यंदा धान कापायच्या दिवसांत बाईही गेली. ताप आला अन् गेली. त्यावर काय लिहू.

परवा मोहाच्या झाडाखाली सभा झाली. येत्या उन्हाळ्यातलं पान कोणाला विकायचं, हे ठरत होतं. हात वर झाले. नवा अध्यक्ष सही करायला वाकला, माणसं धोतर झटकत उठली.

मी सभेत आजवर कधी बोललो नव्हतो. म्हणालो, "कोन राह्यलं?"

सगळे मागे बघू लागले. झाडाच्या आड नवीनच लग्न होऊन आलेली एक सून उभी होती.

"मी," ती म्हणाली. "मले कोनी विचारलंच नाई."

उठलेली माणसं पुन्हा खाली बसली.