पाहणीच्या दिवशीची चादर

सिस्टर एकवीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन जखमा धूत होती. दिवसाला सात घरं, अंथरुणाला खिळलेली माणसं, बहुतेक सगळी वरच्या मजल्यांवर. तिच्या केंद्राचं काम, औषधं, पट्ट्या सारं एका प्रतिष्ठानच्या मदतीवर चालायचं. दर तीन वर्षांनी त्यांचा माणूस दोन-चार घरं पाहून जायचा आणि मदत चालू ठेवायची की नाही ते ठरायचं.

या खेपेला पाहणीच्या यादीत छापखान्यातल्या काकांचं घर होतं. काकांचा जन्म खिळे जुळवण्यात गेला. डावी बाजू लुळी पडली, त्याला चार वर्षं झाली. पडून पडून कमरेखाली तळहाताएवढी जखम झाली होती. सिस्टरने आठ महिने खपून ती बटणाएवढी करत आणली होती. पलंगावर प्रतिष्ठानचीच हवेची गादी होती. तिचा पंप सतत घुरघुरायचा. काकू त्याला सवत म्हणायच्या. काकूंना एकाच डोळ्याने दिसायचं, आणि काका अंगाने चांगलेच भारी.

त्या दिवशी सिस्टर दोन तास आधी जाऊन पोचली. शिकत असताना मेट्रनने अंगी बाणवलेली सवय: कुणी बघायला येणार असेल तर पेशंट लख्ख दिसला पाहिजे. तिने काकांची दाढी केली, नखं काढली, ताजी पट्टी बांधली, घरून आणलेली इस्त्रीची चादर घातली. घाण कपड्यांची बादली मोरीत झाकून ठेवली.

"पुन्हा लग्न लावताय का माझं?" काकांनी विचारलं.

"एकदा केलंत तेवढं पुरे," काकू म्हणाल्या.

प्रतिष्ठानचे साहेब आले. भला माणूस, बूट बाहेर काढून आत आला. काय त्रास होतो, असं त्यांनी काकांना विचारलं.

"कसला त्रास? राजासारखा पडून असतो."

"आणि तुम्हाला जमतं ना सगळं?"

"जमवतो की आम्ही," काकू म्हणाल्या. परक्या माणसापुढे दुसरं काय बोलणार.

सिस्टर दाराशी उभी होती. खोलीला वास नव्हता, चादरीला सुरकुती नव्हती. तिला बरं वाटलं.

दीड महिन्याने पत्र आलं. केंद्राच्या डॉक्टरबाईंनी ते वाचून दाखवलं. भेट दिलेल्या घरांत कुटुंबीय रुग्णांची उत्तम निगा राखतात, तेव्हा मदत अधिक निकडीच्या ठिकाणी वळवावी, असं त्यात होतं.

"चादर उचलून जखम दाखवा म्हणून मी दहादा बजावलं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"काकांनी खाली काही घातलेलं नव्हतं, बाई."

डॉक्टरबाईंनी कागद पुढे ओढला. त्यांनी जखमांचे फोटो पाठवले, दोन अर्ज केले. पुढचा विचार तीन वर्षांनी, असं उत्तर आलं. सिस्टरला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका खासगी दवाखान्यात बारा तासांची नोकरी मिळाली.

शेवटच्या दिवशी सिस्टर प्रतिष्ठानची गादी परत न्यायला आली. आधी तिने काकूंना काकांची कूस बदलायला शिकवलं. "दर दोन तासांनी. चादर मुठीत धरायची, गुडघा पलंगाला टेकवायचा आणि ओढायचं."

काकूंनी दोनदा ओढलं. काका हलले नाहीत. तिसऱ्यांदा खांदा जरासा वळला, कंबर तिथेच राहिली.

"दोन तासांनी म्हणताय," काका म्हणाले, "हिला मला एकदा वळवायलाच दोन तास लागतील."

काकू हसल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. धाप ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही येणार ना मधूनमधून?"

"बघते," सिस्टर म्हणाली. येणं होणार नाही हे तिला माहीत होतं. काकूंनाही असावं.

तिने पंप बंद केला. हवा जायला वेळ लागतो. काका हळूहळू खाली जात राहिले, शेवटी पाठीला फळ्या लागल्या तसे थांबले. मग तिने त्यांना एका कुशीवर घेऊन गादी काढली आणि घरातली जुनी कापसाची गादी सरकवली. पिशवीतून इस्त्रीची चादर काढली, ताणून घातली आणि चारही कोपरे नीट दुमडले.