झांकीतली इमारत

प्रतापराव जगदाळ्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत शिलेदार होते. प्रतापरावांपर्यंत येता येता घोडं गेलं, तलवार गेली, मिशा तेवढ्या राहिल्या. ते कापडाच्या मिलमध्ये फिटर होते आणि मिलच्याच चाळीत राहत. पण त्यांचं नाव होतं ते झांकीमुळे. अनंत चतुर्दशीला इंदूरच्या मिला आपापल्या गणपतीबरोबर हलत्या देखाव्यांच्या गाड्या काढतात आणि सगळं शहर रस्त्याच्या कडेला सतरंज्या टाकून त्या बघायला बसतं. सायकलच्या जुन्या चेन, मागाची निकामी चाकं आणि एक मोटर, एवढ्या सामानात प्रतापराव कालियाचे फणे एकेक करून खाली आणत. बघणारे हात जोडत.

एक्याण्णव साली मिल बंद पडली. दोन-चार महिन्यांत सुरू होईल असं आधी सांगण्यात आलं, मग सांगणारेच दिसेनासे झाले. प्रतापराव मल्हारगंजात एका दुकानात पाण्याच्या मोटरी दुरुस्त करू लागले. झांकी मात्र मिलवाल्यांनी सोडली नाही. वर्गणी मागत दारोदार फिरायचे. पण ज्याच्या घरचीच चूल अडली तो दुसऱ्याला काय देणार? दर वर्षी एक गाडी कमी होत गेली.

तिसऱ्या वर्षी झांकी कमिटीचे अध्यक्ष श्रीपाद घरी आले. दोघं मिलमध्ये एकाच पाळीला असायचे.

"एक बिल्डर आहेत, धनेशजी," श्रीपाद म्हणाले. "सगळा खर्च उचलतो म्हणतात. फक्त शेवटची गाडी त्यांच्या पसंतीची. नवं इंदूर दाखवायचं. बारा मजली बिल्डिंग."

"गणपतीच्या मागे बिल्डिंग?"

"देवांच्या गाड्या आहेतच ना पुढे. अरे भिया, हे नाही म्हटलं तर यंदा झांकी नाही."

प्रतापरावांना उंच इमारतींचा मनापासून तिटकारा होता. ते म्हणायचे, "घर कसलं, कबुतरखाना तो. खालून हाक मारली तर वर जात नाही. आत माणूस मेला तरी शेजारच्याला वासानंच कळायचं."

"शहर वाढणार तर वरच वाढणार," श्रीपाद म्हणाले. "जन्मभर काय गावच राहायचं?"

प्रतापरावांची बायको इंदिराबाई आतून म्हणाल्या, "करा की. चाळीत तरी काय सोनं लागून गेलंय?"

प्रतापराव उठून दाराशी गेले. त्यांची थोरली मुलगी, लीला, चार वर्षांची असताना काविळीनं गेली होती. चाळीचा नळ गटाराला लागून होता. तेव्हापासून नळाचा विषय निघाला की दोघांपैकी एक जण उठून बाहेर जाई.

त्यांनी गाडी केली, आणि करायचीच तर जीव ओतून केली. खिडक्या खालून वर उजळत जात. एका गॅलरीत बाई कपडे वाळत घालत होती, दुसरीत म्हातारा झोक्यावर झुलत होता, सगळ्यात वर एक पोर पतंगाला ढील देत होतं. राजवाड्यापाशी ती गाडी आली तेव्हा मागची गर्दी उठून उभी राहिली. देवांच्या गाड्यांना लोकांनी हात जोडले, हिला टाळ्या वाजवल्या. झांक्यांच्या स्पर्धेत पहिला नंबर आला. श्रीपादांनी प्रतापरावांना खांद्यावर घेतलं.

मिरवणुकीनंतर धनेशजींनी ती इमारत आपल्या ऑफिसात मांडली. महिन्याभरानं म्हाताऱ्याचा झोका अडकला म्हणून प्रतापरावांना बोलावणं आलं. ते गुडघ्यावर बसून चेन चढवत होते. धनेशजी स्वतः चहा घेऊन आले.

"मान गए, प्रतापरावजी. वैसे असली बिल्डिंग भी तो आप ही की चाल की जमीन पर बनने वाली है. दिल से तो बनाते ही."

प्रतापरावांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी चेन सोडून मान वर केली.

"श्रीपादजीने बताया नहीं?" धनेशजींनी विचारलं. त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

प्रतापराव सायकल हाणत श्रीपादांकडे गेले. श्रीपाद ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"तुला ठाऊक होतं?"

श्रीपादांनी अडकित्ता खाली ठेवला. "जमीन मिलची. विकली त्यांनी. मी सांगितलं असतं तर विक्री थांबली असती का?"

"मला सांगायचं होतं."

"मग तू झांकी केली नसती. आणि झांकीपण गेली असती तर आपल्याकडे बाकी काय होतं रे?"

प्रतापरावांचा राग आणखीच चढला. त्यांनी सायकल वळवली. दोघांचं बोलणं तिथं संपलं ते संपलंच. त्या इमारतीत खाली श्रीपादांना एक दुकान कबूल झालं होतं, हे पुढे समजलं.

चाळ रिकामी करायला लावली तेव्हा लोकांच्या हातावर काहीबाही टेकवलं गेलं. ट्रकमध्ये सामान चढवताना शेजारची कुमुदिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "प्रतापरावजी, तुमच्याच हातानं सगळ्या शहराला दाखवलीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग आमचं कोण ऐकणार?" त्यात अर्थ नव्हता. सौदा झांकीच्या आधीच झाला होता. पण प्रतापरावांच्या मनात ते रुतून बसलं. छत्रीबागेत नदीच्या बाजूला त्यांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि पुन्हा झांकीला हात लावला नाही.

त्यांच्या मुलाला, पीयूषला, धनेशजींकडेच नोकरी लागली. बापानं केलेली झांकीतली इमारत गिऱ्हाइकांना दाखवायची, बटण दाबून खिडक्या उजळायच्या. प्रतापराव त्याच्याशी सहा महिने बोलले नाहीत. खरी इमारत उभी राहिली तेव्हा पीयूषनं कर्ज काढून नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लग्न झालं, सून रुची आली. एक दिवस इंदिराबाई पत्र्याच्या पेटीत लुगडी भरायला लागल्या.

"मी जाते पीयूषकडे. तुम्ही या नाहीतर नका येऊ."

"आपल्या चाळीच्या छाताडावर उभी आहे ती."

"त्याच चाळीत माझी लीला गेली," इंदिराबाई म्हणाल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते नाव घेतलं. "तुम्हाला मिल आठवते. मला ते पाणी आठवतं."

त्या गेल्या. प्रतापराव छत्रीबागेत एकटे राहिले आणि रविवारी वर जेवायला जाऊ लागले. खिडकीकडे पाठ करून बसायचे. इंदिराबाई खूश होत्या, आणि तेच प्रतापरावांना सगळ्यात जास्त खुपायचं.

मग एका उन्हाळ्यात बोअरिंग आटलं. लिफ्ट बिघडलेली, बिल्डर सिमरोलकडच्या नव्या कॉलनीत गुंतलेला. प्रतापराव जिना चढत होते तर चौथ्या मजल्यावर इंदिराबाई दोन्ही हातांत बादल्या घेऊन भिंतीला टेकून उभ्या. खाली टँकर आला होता.

"पीयूषला बोलू नका," त्या म्हणाल्या. "त्याचीच कंपनी आहे. पोराची पंचाईत होते."

इतकी वर्षं प्रतापराव अशाच एका क्षणाची वाट बघत होते. आता तो आला होता. त्यांनी बादल्या घेतल्या. पुढचे पाच मजले इंदिराबाई त्यांच्या मागून चढत आल्या.

पुढच्या रविवारी खाली पार्किंगमध्ये राहणाऱ्यांची मिटिंग होती. प्रतापराव मागे उभे होते. महापालिकेच्या पाण्याची पाइपलाइन मुळातच बारीक टाकली आहे, ती बदलायला बिल्डरला भाग पाडा, असं त्यांनी सांगायला सुरुवात केली. खुर्चीवर बसलेल्या तरुण सेक्रेटरीनं हात वर केला. तो उद्धट नव्हता, नीट बोलत होता.

"अंकल, आप किस फ्लॅट से?"

"माझा फ्लॅट नाही. मुलाचा आहे."

"फिर आप बैठिए, अंकल. सिर्फ मेंबर बोलेंगे."

पुढे बसलेला पीयूष मोबाइलमध्ये बघत राहिला. इंदिराबाईंनी पदर सावरला आणि मान खाली घातली. प्रतापरावांचा जन्म याच जमिनीवरचा, लीलाला नेली तीही इथूनच. पण हे सांगायला मिटिंगमध्ये कुठला विषय नव्हता. ते खांबापाशी खाली बसले. सेक्रेटरीनं कागद उलटला आणि कोणाची गाडी कुठे उभी राहील यावर चर्चा सुरू झाली.