सी म्हणजे काल्दो

कल्पना करा, तुम्ही अनोळखी घरात हात धुताय. नळावर इंग्रजी ‘सी’ आहे, म्हणजे कोल्ड, गार. तुम्ही बिनधास्त सोडता आणि हात पोळतो. तुम्ही ओरडाल. नेला बोर्तोलुस्सी हात तसाच धरून उभी राहते.

मेलबर्नच्या कार्लटनमध्ये नेला लोकांना गल्ल्या दाखवते. लोखंडी जाळीचे सज्जे, मागच्या दारांशी काळ्या दगडांची फरसबंदी, भाजलेल्या कॉफीचा वास. लोक फोटो काढत राहतात. ती मात्र कुणाचं तरी दार ठोठावते, "जरा हात धुऊ का?" माझ्याकडेही अशीच आली होती. तेव्हापासून मी रविवारी तिच्यासोबत फिरतो.

तिचे वडील ओरेस्ते प्लंबर. इटालियनमध्ये गरम म्हणजे काल्दो, म्हणून त्यांच्या हातच्या प्रत्येक ‘सी’ला गरम पाणी. गिऱ्हाइकं बोंबलायची. बाकीचे इटालियन प्लंबर शिकले, ओरेस्ते नाही. "सी म्हणजे काल्दो! तुम्ही तुमची भाषा सुधारा," म्हणायचे. अडुसष्टच्या हिवाळ्यात हत्यारांची पिशवी घेऊन निघाले ते परतलेच नाहीत. नदीत पडले असतील, असं सगळे धरून चालले. आईनं काळे कपडे घातले, ते शेवटपर्यंत. नेला तेव्हा नऊ वर्षांची होती.

तिच्या माहेरच्या घरामागे एक घर आहे. तिथली जुनी मालकीण नेलाला कधीच आत घ्यायची नाही. ती वारली, आता तिथं प्रू नावाची मुलगी राहते. गेल्या रविवारी तिनं दार उघडलं.

"या आजी. पण बाथरूमचा नळ उलटा आहे हं. येईल तो प्लंबर शिव्या घालून जातो."

"घालू दे. माझ्या बापाला सवय आहे," नेला हसली. तिनं ‘सी’ सोडला. वाफ आली.

"म्हणजे हे घरही त्यांनीच केलं."

"घर जुनं आहे, पण ही खोली नंतरची," प्रू म्हणाली. "उंबऱ्यापाशी बघा, ओल्या सिमेंटात साल कोरलंय."

मी वाकलो. एकाहत्तर.

"दुसरा कुणी असेल," मी म्हणालो.

"एवढा हट्टी? दुसरा?"

नळ वाहतच होता. नेलानं खिडकीच्या काचेवरची वाफ तळव्यानं पुसली. पलीकडे तिच्या घराचं मागचं अंगण, कपड्यांची दोरी.

"आई तिथं कपडे वाळत घालायची," ती म्हणाली. "सगळे काळे. इथं उभं राहून नळ बसवताना त्यांना दिसलेच असतील ना? मग हाक का नाही मारली?"