अक्कांचं बंद लॉगिन

कंप्युटरवर आत जाता येत नसेल तर त्याची कारणं दोनच प्रकारची असतात, असं मी नव्या माणसाला शिकवतो. पहिलं कारण कनेक्शनचं. लग्नाला निघालेली गाडी वाटेत बंद पडली, मांडवापर्यंत कुणी पोचलंच नाही. दुसरं अ‍ॅक्सेसचं. गाडी पोचली, गुलाबपाणी शिंपडलं, नाव विचारलं, आणि पंगतीत बसल्यावर हाताला धरून उठवलं. पहिल्यात अपमान नसतो. हे सांगताना मी उठवणाऱ्याचा आणि उठणाऱ्याचा, दोघांचाही अभिनय करतो. जळगावच्या ऑफिसात मला कामासाठी ठेवलंय की करमणुकीसाठी, असा प्रश्न आमच्या साहेबांनाही पडत असावा.

आमची कंपनी कापूस खरेदी करते. धुळे-जळगावकडच्या केंद्रांवर आलेल्या कापसात किती ओलावा आहे, ते आकडे रोज क्लाऊडवर चढतात, म्हणजे आम्ही कधी न पाहिलेल्या कुठल्या तरी दूरच्या कंप्युटरांवर. तिथून त्यांचे रंगीत आलेख होऊन साहेबांच्या पडद्यावर उतरतात. तिथे कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, आणि आत येता येत नसेल तर का, हे बघणं माझं काम.

शिरपूरकडच्या केंद्रांचे आकडे अक्का चढवायच्या. वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, आणि कापसात तर फारच मोठ्या. सरकी दाताखाली धरायची, कट्ट करून फुटली तर कापूस कोरडा, नुसती चेपली तर ओला, हे मला त्यांनी शिकवलं. बदल्यात मी त्यांना कंप्युटर शिकवला. त्यांनी शिकवलेलं अजून खरं आहे. मी शिकवलेलं दर दोन वर्षांनी बदलतं.

ऐन हंगामातल्या एका सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"भाऊ, मना पासवर्ड बरोबर शे, तरी आत घेत नाही."

एरवी त्या ऑफिसातली मराठी बोलायच्या. अहिराणी आली की समजायचं, अक्का वैतागल्या.

"लिहून काय येतंय?"

"परवानगी नाही म्हणतंय. इंग्रजीत आहे, पण सूर कळतो ना."

म्हणजे गाडी पोचली होती. मी यादी उघडली. शिरपूर गटात त्यांचं नावच नव्हतं. कुणाचं तरी बोट चुकलं असणार, म्हणून नोंदी उघडल्या. कोणी कोणाला कधी काढलं, ते तिथे मिनिटासकट लिहिलेलं असतं. शनिवारी दुपारी काढलं होतं. काढणाऱ्याच्या जागी माझं नाव.

शनिवारी साहेबांनी मला काही कर्मचारी-क्रमांक पाठवले होते. "ही जुनी खाती काढून टाक." नुसते आकडे, नावं नाहीत. समोर शेवभाजीचा डबा उघडलेला. मी क्रमांक चिकटवले, बटण दाबलं आणि भाकरी मोडली.

धावत केबिनमध्ये गेलो. "साहेब, त्या यादीत चुकून अक्कांचा नंबर आला."

"चुकून नाही," साहेब म्हणाले. "नवीन मीटर स्वतःच आकडे पाठवणार. महिनाअखेर त्यांची जागा बंद. पत्र गुरुवारी निघेल. खातं त्याआधी बंद करायचं, असा वरचा नियम आहे."

"मग आत्ता त्यांना काय सांगू?"

"कनेक्शनचा प्रॉब्लेम आहे म्हण. मीटर बसायला चार दिवस आहेत, तोवर त्यांच्याकडून आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घे." मग आवाज मऊ करून म्हणाले, "अरे, आपल्याकडे असं एकदम सांगतात का? माणूस गेला तरी फोनवर 'तब्येत जास्त आहे, निघून या' असंच म्हणतो ना आपण? आणि हे तुझ्याइतकं कुणाला जमतं?"

हे खरं होतं. आमच्या भावकीत कुणी गेलं की लांबच्या लेकी-बहिणींना फोन करायला मलाच बसवतात. माझ्या आवाजावर विश्वास ठेवून माणसं सुखाने एसटीत बसतात. साहेबांनी नेमकी ती कला ओळखली, आणि लाजेऐवजी मला गुदगुल्या झाल्या. ते लिहून ठेवायलाच हवं.

मग मी प्रयोग लावला. फोन खांद्यात धरून कीबोर्ड बडवायचो. "हं... इथून जातंय... थांबा, थांबा... अरे देवा, मध्येच अडवलं!" पलीकडे अक्का श्वास रोखून. राउटर बंद करून चालू करा म्हटलं, त्यांनी केला. ब्राउझर पुसून काढा म्हटलं, पुसला. "रेंज कमी दिसतेय, जरा उंचावर जाऊन बघता?" तर बाई जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीवर चढल्या आणि वरून ओरडल्या, "आता बघा, भाऊ!" माझ्यामागे दोघं-तिघं रुमाल तोंडात कोंबून हसत होते. मी त्यांना डोळा मारला.

आकडे मात्र वेळेवर यायचे. वहीच्या पानाचा फोटो, सरळ अक्षर, केंद्रवार. मी ते माझ्या लॉगिनने चढवायचो.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी वेगळ्याच सुरात फोन केला.

"भाऊ, एक विचारू? धुळ्याच्या एका जिनिंगवाल्याने बोलावलंय. कापूस पारखायला माणूस पाहिजे त्यांना. उद्यापर्यंत हो-नाही कळवायचंय."

"बरं मग?"

"हंगामाच्या मध्यात सोडून जाणं बरं दिसत नाही. पण बठ्ठा केंद्रस्नं चालू आणि मनंच बंद, म्हणून मनात शंका आली. हे नक्की मशीनचंच आहे ना? तुम्ही सांगा, मी त्यांना तसं कळवते."

इथे थांबायची जागा होती. हातात फोन, टेबलावर कोरा कागद, आजूबाजूला कुणी नाही. 'जा अक्का' एवढे दोनच शब्द. पण चाललेला प्रयोग मध्येच बंद पाडायचा, हे माझ्या जिवावर आलं. मी हसलो. चांगलं मोकळं, विश्वासू हसलो.

"अक्का, काय हे! कनेक्शन आहे. येईल एक-दोन दिवसांत."

"मग नाही म्हणून सांगते त्यांना," त्या म्हणाल्या. सुटल्यासारखा आवाज होता.

गुरुवारी दुपारी त्या स्वतः जळगावला आल्या. शिरपूरहून चोपड्यामार्गे एसटीने, खांद्याला पिशवी, पिशवीत लॅपटॉप. पत्र अजून निघायचं होतं. "तिकडे होत नाही तर इथेच करून द्या," म्हणत माझ्या टेबलाशी बसल्या. मी त्यांच्यासाठी चहा सांगितला आणि लॅपटॉप आमच्या वायफायला जोडला. सवयीने पुटपुटू लागलो, "आता बघू हं, कुठं अडतंय ते..."

"भाऊ, हे तुमचंच वायफाय ना?"

"हो."

"तुमचं चालतंय?"

"हो."

"मग कनेक्शन कसं?" त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "ती यादी उघडा. कोणी कोणाला काढलं, ते दिसतं म्हणून तुम्हीच दाखवलं होतं मला."

मी उघडली. चष्मा पुसून त्यांनी ओळ वाचली. वार वाचला. माझं नाव वाचलं. मंगळवारी त्यांनी मला काय विचारलं होतं, ते त्यांना तेव्हा आठवलं असणार, कारण पडद्यावरून नजर काढून त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या असत्या तर मी काहीतरी बोललो असतो. मला ओरडणाऱ्यांना शांत करता येतं.

त्यांनी मोबाइलवर एक नंबर काढून माझ्यापुढे धरला. "धुळ्याचा आहे. तुम्हीच लावा. तुम्हाला बोलता येतं."

मी त्यांच्याच फोनवरून लावला. कधी नव्हे ते सरळ बोललो. चूक आमच्याकडून झाली, अक्का यायला तयार आहेत, त्यांच्यासारखी पारख या भागात कुणाची नाही. पलीकडचा गृहस्थ, आमच्याकडे सगळेच बोलतात तसा, शेतातून हाक मारल्यासारखा बोलत होता. "अहो, त्या नाही म्हटल्या ना! काल संध्याकाळीच दुसरा माणूस घेतला आम्ही. आता जागा नाही."

मी फोनवर तळहात ठेवला आणि अक्कांकडे वळलो. चेहरा आपोआप तसा झाला, आवाजही आपोआप उतरला.

"अक्का, ते म्हणताहेत, जरा थांबा, पुढच्या आठवड्यात काहीतरी..."

"ऐकू येस माले, भाऊ," अक्का म्हणाल्या.

माझ्या हातातून फोन घेऊन त्यांनी तो बंद केला, लॅपटॉप मिटून माझ्या टेबलावर ठेवला, कंपनीचा होता म्हणून, आणि रिकामी पिशवी घडी करून निघाल्या. चहा तसाच राहिला. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज येत असतानाच साहेबांनी केबिनमधून विचारलं, "शिरपूरचे आजचे आकडे आले का रे?"