शीग लावलेली पायली

मशिनी चालू होत्या, पट्टे फिरत होते, आणि कापूस घालायला एकही बाई जागेवर नव्हती. सगळ्या बाहेर कापसाच्या गंजीला टेकून बसलेल्या.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. चिखलीच्या एका शेठच्या जिनिंगात मी सुपरवायझर होतो. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. मशिनीत कापूस घालायचं काम बायकांचं. त्यांत कौसाबाई वयानं मोठी. घरात लहान नातवंडं, कमावणारी ती एकटीच.

"काऊन बसल्या हो, कौसाबाई?"

"सायेब, चुकारा पैशात नोको. जवारी द्या, पयल्यासारखी."

शेठच्या वडिलांच्या वेळी आठवड्याची मजुरी, म्हणजे चुकारा, ज्वारीत मिळायची. वडील थकल्यावर शेठनं पैसे सुरू केले, तेव्हा बायकांना कोण आनंद झाला होता! पण पैसे तेवढेच राहिले अन् ज्वारी चढत गेली.

"भाव थांबूनच नाही राह्यला. लेकरायले अर्धी अर्धी भाकर देऊन राह्यली मी. नोटा भाजून घालू काय त्यायले?"

मी शेठकडे गेलो. "मजुरी वाढवा, नाहीतर ज्वारी द्या."

"मजुरी एकदा वाढली की खाली येत नाही," शेठ म्हणाले. "ज्वारी घरच्या शेतातली आहे. द्या जुन्या मापानं."

मला हायसं वाटलं. बाया मशिनींवर परतल्या.

चुकाऱ्याच्या दिवशी मुनीमजींनी पायली भरली आणि वरून तळहात फिरवून सपाट केली. कौसाबाईनं पसरलेला पदर मागं घेतला.

"शीग कुठी गेली?"

शीग म्हणजे मापाच्या काठावर उभा राहतो तो ढीग.

"पायली म्हणजे काठापर्यंत," शेठ म्हणाले.

"तुमचे बाबा मापाले हात नव्हते लावत, मालक. वरची शीग लेकरायची म्हनत."

वडिलांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. शेठ मुनीमजींकडे वळले. म्हणाले, "मुनीमजी, हात काढा."

कौसाबाईचा पदर जड झाला. मला इतका आनंद झाला की घरी गेल्या गेल्या बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"अन् तुमच्या पगाराले शीग कव्हा लागन?"

माझाही पगार कैक वर्षं तोच होता. पण मी पडलो सायेब. सायेबानं गंजीला टेकून कसं बसायचं?

तेव्हापासून कुणी पगार सांगितला, की मी आकडा ऐकत नाही. त्यात ज्वारी किती येते, ते विचारतो.